भिंतीआधीचं झुडूप

वडील गेल्यावर दोघा भावांचं इतकं बिनसलं, की बागेच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. ऐन वसंतात गवंडी आला. पाया खणण्यासाठी तो वाटेतलं जास्वंदीचं झुडूप तोडणार, तोच आतून बुलबुलाची जोडी कलकलाट करत बाहेर पडली. घरट्यात तीन अंडी होती.

"पिल्लं उडाली की बोलवा," गवंडी हत्यारं गुंडाळत म्हणाला. "देवानं मांडलेला संसार मोडून मला भिंत उभारायची नाही."

तेव्हापासून थोरला रोज सकाळी झुडपाच्या अलीकडून डोकावायचा आणि धाकटा पलीकडून. बोलणं नव्हतंच. मांजर दिसलं की मात्र दोघं एकदमच "शुक्!" करायचे.

एके दिवशी पिल्लं उडून गेली. थोरल्यानं दोन दिवस टाळलं, पण शब्द तो शब्द. त्यानं गवंड्याला बोलावलं. कुदळ उचलली गेली, एवढ्यात पलीकडून धाकटा म्हणाला, "दादा, थांब. त्यांनी पुन्हा अंडी घातलीत रे."

किती दिवसांनी ते 'दादा' कानावर पडलं! थोरल्यानं पानं बाजूला सारून पाहिलं. घरटं रिकामं होतं.

"हो की," तो गवंड्याकडे वळून म्हणाला, "या खेपेला तर चार आहेत."