डाव्या हाताची काजं

नाताळच्या सकाळी शिलाईच्या दुकानाच्या कडीला एक कोट अडकवलेला होता. नवा, करडा, बाहीला तांबडी फीत बांधलेली. चिठ्ठी नाही, नाव नाही. मास्तरांनी तो आत आणला आणि कापायच्या टेबलावर पालथा घातला.

"कुणीतरी भेट दिलीय. घाला की आता," बायको म्हणाली. चर्चची पहिली घंटा होऊन गेली होती.

"फुकट कोण देतं? कुठेतरी पाणी मुरतंय."

जन्मभर दुसऱ्यांचे खिसे शिवल्यामुळे असेल, पण प्रत्येक खिशात काहीतरी दडवलेलं असतं अशी मास्तरांची खात्री होती. त्यांनी कोटाचे बाहेरचे खिसे उलटे केले, मग आतले. कॉलर चाचपली, अस्तरावरून बोटं फिरवली. काही नाही. बायकोने चहा आणून ठेवला, तर आधी तिच्याकडे संशयाने पाहिलं, मग चहाकडे.

"कापड भारी आहे. म्हणजे मागणंही भारीच असणार."

मग त्यांची नजर काजांवर गेली आणि ते स्टुलावर बसलेच. काजं हाताने घातलेली होती, टाके उलट्या दिशेने गेलेले. डावखुऱ्याचं काम. इतकं रेखीव डावं काज घालणारा त्यांच्या माहितीत एकच होता, धाकटा भाऊ.

चार वर्षांपूर्वी वडिलांचं चांदीचं अंगुस्तान नाहीसं झालं होतं, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ते. मास्तरांनी गिऱ्हाइकांदेखत धाकट्याचे खिसे उलटे केले. तो तसाच दुकानातून निघून गेला. तिसऱ्या दिवशी अंगुस्तान मशीनच्या खणात सापडलं. ही गोष्ट मास्तरांनी कुणालाच कळू दिली नाही. बायकोलाही नाही, असा त्यांचा समज होता.

"डावऱ्याने पाठवलाय," ते म्हणाले. "मला लाजवायला."

"लाज वाटतेय ना? मग बरोबर पत्त्यावर आलाय."

"काही हवं असेल तर सरळ तोंडाने मागावं. हे असं आडून आडून कशाला?"

"आज ज्याचा वाढदिवस आहे, तो काय मागायला आला होता? की आपली लायकी बघून आला होता?"

मास्तरांनी कोट अंगात घातला. कुठे चुकला असता तर निदान बोलायला जागा झाली असती. पण आजारपणानंतर त्यांचा डावा खांदा दोन बोटं उतरला होता. ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या सदऱ्यांनाही कधी सांगितली नव्हती. कोटाला ती ठाऊक होती. डाव्या खांद्यात नेमकी दोन बोटं भर घातलेली, आणि आरशात कितीतरी महिन्यांनी दोन्ही खांदे सारखे.

"तूच माप दिलंस!"

"मी? मला टेप सरळ धरता येत नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगता."

"मग त्याला माझा खांदा दिसला कुठे? चार वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही."

"तुम्ही नाही पाहिलंत. तो दर रविवारी तुमच्या मागच्या बाकावर बसतो. चार वर्षं तुमची पाठ बघतोय."

दुसरी घंटा झाली. बाहेर पडता पडता मास्तर परत फिरले, मशीनचा खण उघडला आणि पुन्हा लावला.

चर्चमध्ये फादर म्हणाले, "एकमेकांना शांती द्या." बाकाबाकांवर माणसं वळली, हात पुढे आले. मास्तर नेहमी उजवीकडे हात मिळवत, डावीकडे मिळवत आणि समोर बघत. मागे वळलं की मान धरते, असं सांगत. आजही त्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. हा सगळ्यांदेखत काही बोलला तर? हात मागेच घेतला तर?

ते वळले.

धाकट्याचा डावा हात आधीच पुढे आलेला होता. मास्तरांनी नव्या कोटाचा खिसा सगळ्यांदेखत उलटा केला आणि अंगुस्तान त्या हातावर ठेवलं.