फटफटीचं नवं हँडल

बिराप्पा मिस्त्रीनं नटाला पाना लावला आणि हात तसाच थांबवला.

"आबा, अजून इचार करा. ह्ये हँडल मीच बनवलंय. कृष्णातच्या हाताच्या मापानं."

"म्हणूनच बदल म्हणतोय," नाथाजी म्हणाला. "त्याचं हात लांब, पाठ जवान. माझी पाठ काय लोखंडाची हाय व्हय?"

बिराप्पानं पाना फिरवला. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या फटफट्या तो लिलावात घ्यायचा आणि सांगलीतल्या आपल्या पत्र्याच्या दुकानात त्यांचे भाग सुटे करून विकायचा. त्यातलंच एक हँडल त्यानं काढून ठेवलं होतं. उंच, मागं वळलेलं. खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसावं आणि हात सहज पोचावेत, असं.

जुनं हँडल म्हणजे निव्वळ पोराची हौस. बुटकं, सरळ आणि लांब पुढं. ते धरायचं तर छाती पेट्रोलच्या टाकीला टेकवायची आणि मान खाली घालायची. कृष्णात तसाच उधळायचा. गुळाला चांगला भाव आला त्या साली त्यानं हट्ट करून ही जुनी फटफटी घ्यायला लावली होती. पुढं लढाई पेटली. पोरगा साताऱ्याला जाऊन भरती झाला, आणि लष्करानं त्याला डाक पोचवायला फटफटीच दिली. काय त्याचा आनंद! तो आनंद घेऊन तो इटलीला गेला, आणि एक दिवस घरी तार आली.

त्या दिवसापासून नाथाजीची बायको राहीबाई माजघरातून हलली नाही. सण आले, सुगी आली, सख्खी बहीण भेटून गेली, पण बाईनं उंबऱ्याला पाय लावला नाही. नाथाजी समजूत घालून थकला. मग एकदा गोठ्यातली फटफटी गंजून जाईल म्हणून त्यानं पोत्याखालून काढली आणि सहज किक मारून पाहिली. धडधड ऐकून राहीबाई दारात येऊन उभी राहिली. नाथाजीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग काय, पन्नाशी उलटलेला माणूस फटफटी शिकायला निघाला. उसात पडला, ओढ्यात पडला. गावानं पोट धरून हसून घेतलं. पण आता दर बाजाराला तो सांगलीहून परतला, की राहीबाई ओढ्याच्या काठी बाभळीखाली वाट बघत असायची. त्याच्या हातातली पिशवी घेऊन चालायला लागायची. म्हैस आटली, शेजारणीनं विरजण नेलं, असलं काहीबाही बोलायची. आठवड्यातली ती एक संध्याकाळ घर घरासारखं व्हायचं. फटफटीच्या आवाजानं तिला बरं वाटतं, हे नाथाजीनं मनाशी पक्कं केलं होतं.

त्या आवाजापायी त्याच्या पाठीचे मात्र हाल झाले होते. बाजार करून आला की गरम विटेनं शेकत पडायचं. वैद्यांनी सांगितलं, फटफटी तरी सोडा नाहीतर अंथरूण तरी धरा. फलटणचे कुणी हौशी लालासाहेब होते, त्यांची माणसं तर फटफटीला गिऱ्हाईक म्हणून दारात दोनदा येऊन गेली. नाथाजी शब्द देणारच होता. पण फटफटी गेली तर राहीबाई पुन्हा माजघरात जाऊन बसेल, म्हणून त्यानं शब्द दिला नाही. त्यापेक्षा हँडल बदललेलं काय वाईट?

जुनं हँडल मागं दोरीनं बांधून तो सांगलीबाहेर पडला, तेव्हा पाटलासारखा ताठ बसला होता. पाठीतून एक कळ येईना. इतके दिवस या रस्त्यावर त्याला पुढचं चाक आणि धूळ, एवढंच दिसलं होतं. आज उसाचे तुरे दिसले, गुऱ्हाळाचा धूर दिसला, वळणावर कृष्णेचं पाणी दिसलं. कृष्णातला पुढं बसवून बैलगाडीतून तो याच रस्त्यानं बाजाराला यायचा, ते दिवस आठवले आणि चक्क बरं वाटलं. आता आणखी दहा वर्षं फटफटी चालवीन, तो स्वतःशी म्हणाला. दहा वर्षं ती बाभळीखाली उभी राहील.

चढ संपला आणि खाली ओढा दिसला. राहीबाई उभी होती. तिनं कपाळावर हात आडवा धरून वर पाहिलं. नाथाजीनं खुशीत भोंगा वाजवला. तिनं हात खाली घेतला, पाठ फिरवली आणि घराकडं चालू लागली.

ओढा ओलांडून त्यानं तिला गाठलं आणि इंजिन बंद केलं.

"अगं, थांब की! आवाज न्हाई आला व्हय?"

"आला की."

"मग? ह्ये बघ, नवं हँडल बशिवलं. पाठ जरा बी दुखत न्हाई. आता फटफटी कुणाला द्यायला नगं."

राहीबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं झालं," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. मग हँडलला अडकवलेली पिशवी काढून घेतली आणि खाली बघत हळूच बोलली,

"दर बाजाराला वड्यापातुर तरी त्योच यायचा वं. आज पैल्यापास्नं तुमीच आलासा."