मामांची शाबासकी

दौलतच्या दुधाच्या टँकरमध्ये त्या दिवशी त्याचे सासरे बसले होते. तेही जुने ड्रायव्हर. जावयाचं एकही वळण त्यांना पसंत पडेना.

म्हणून दौलतने घाटाच्या उतारावर ऐटीत वेग वाढवला. वळणावर आतलं दूध एका बाजूला धावलं, चाकं उचलली गेली आणि टँकर कलंडू लागला. तेवढ्यात करकचून ब्रेक लागले आणि टँकर सावरला.

सासऱ्यांनी घट्ट मिटलेले डोळे उघडले. "शाब्बास, जावईबापू! हा ब्रेक मलाही जमला नसता."

लग्नानंतरची ही पहिलीच शाबासकी. दौलतला ती पचेना.

"मामा, ब्रेक मी नाही मारला. गाडी कलंडायला लागली की हे नवं यंत्र आपोआप मारतं."

मामांनी यंत्राच्या लुकलुकत्या दिव्याकडे कौतुकाने पाहिलं.

"पोरगी द्यायला जरा घाईच केली मी."