चपलेतला खडा

शिवप्रियाचं पत्र येऊन वर्ष होत आलं होतं आणि कल्याणप्पांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पाय उशीवर ठेवून खाटेवर पडल्या पडल्या त्यांना ते शब्दन्‌शब्द आठवत होतं. फोनवर बोलताना शेजारी कुणीतरी बसलेलंच असतं, म्हणून लेकीनं सासरहून, भालकीहून, पत्र लिहिलं होतं. 'अप्पा, इथं मला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. पण मी भरून ठेवलेलं पाणी कुणी पीत नाही. ओतून देतात आणि दुसरं भरतात. मी बोलले की एकमेकांकडं बघून हसतात. दुसऱ्याला सांगायला गेलं तर यात काहीच नाही. तुम्हीच सांगा, हा माझ्या मनाचा वहम आहे का?' खाली लिहिलं होतं, 'वाचून फाडून टाका.'

त्यांनी ते फाडलं नव्हतं. बायकोला मात्र दाखवलं होतं.

"जावई दारू पीत न्हाय, हात उगारत न्हाय," लक्ष्मम्मा म्हणाली होती. "पाणी ओतलं म्हणून कुणी लेक माघारी आणतंय व्हय? वहम हाय पोरीचा. तुमच्यावर गेलीय."

असेलही, असं कल्याणप्पांना वाटलं. वहमी म्हणून अख्ख्या मुरुम गावात त्यांच्याइतका नावाजलेला माणूस नव्हता. उजव्या चवड्याखाली त्यांना खडा टोचायचा. शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होते, तेव्हापासून. थोडं चाललं की ते भिंतीला हात लावायचे, चप्पल काढायचे आणि उलटी करून झटकायचे. तिच्यातून कधी काही पडलं नाही. पोरं त्यांना झटके सर म्हणायची. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. पुन्हा काढला, पुन्हा स्वच्छ.

"कुठं हाय खडा? दावा की मला," लक्ष्मम्मा म्हणायची. "पुस्तकं वाचून वाचून डोस्क्यात गेलाय त्यो."

होता होता त्यांनाही तसंच वाटू लागलं. ज्याला स्वतःच्या पायाची खात्री देता येत नाही, त्यानं लेकीला काय कळवावं? पत्र एका पुस्तकात दडवलेलं तसंच राहिलं.

मग सोलापूरच्या एका डॉक्टरांनी चवडा दोन्ही बाजूंनी दाबला आणि कल्याणप्पा ओरडले. बोटांच्या मधल्या नसेला गाठ आली होती. "एक्स-रेत हाडं दिसतात, काका," डॉक्टर म्हणाले. "नस दिसत नाही." ऑपरेशन झाल्यावर त्यांनी बाटलीतली गाठ समोर धरली. हरभऱ्याएवढी होती. कल्याणप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दुखतंय का?"

"नाही," ते म्हणाले. "खरंच होती, म्हणून."

आज सकाळी शेजारची शिवलीला पाय बघायला आली. टाके निघाले होते. चहा घेता घेता लक्ष्मम्मानं तिला गाठ केवढी होती ते बोटाच्या पेरावर दाखवलं.

"एवढी! आमी उगंच वहम वहम करीत बसलो बघ. किती वर्षं सोसलं बिचाऱ्यांनी!"

शिवलीला गेली. लक्ष्मम्मा कपबश्या गोळा करू लागली.

"आणि पोरीचं?" कल्याणप्पांनी विचारलं.

"पोरीचं काय?"

"तिचाही एक्स-रे स्वच्छच आलाय."

बशीतला कप वाजला. लक्ष्मम्मानं कपबश्या खाली ठेवल्या. मग हळू आवाजात म्हणाली, "लोकं इचारतील. काय सांगायचं त्येन्ला?"

"सांगायचं, टोचत होतं."

ते उठले. भिंत धरून त्यांनी चपलेत पाय सरकवला.

"अवो, डॉक्टर चवडा टेकवू नका म्हणलाय! पडलात तर?" ती दारात आडवी उभी राहिली. जन्मभर ती अशी उभी राहिली की कल्याणप्पा मागं फिरत आले होते. आज ते तिथंच थांबून राहिले. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, कोपऱ्यातली काठी आणून हातात दिली आणि बाजूला झाली.

टाचेवर भार देत, थांबत थांबत ते पोस्टात पोचले. शिवानंद पोस्टमास्तर त्यांच्याच शाळेत शिकलेला.

"सर, तुम्ही? ह्या पायावर? पाकीट देऊ का?"

"कार्ड दे."

कल्याणप्पा कुणी वाचेल या भीतीनं साधी चिठ्ठीसुद्धा हातानं झाकून लिहीत. आज त्यांनी कार्ड खिडकीच्या फळीवर ठेवलं, दुसरा हात काठीवर ठेवला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'शिवप्रिया, वहम नाही. खरं आहे. सामान भरून ठेव. पुढच्या सोमवारी मी तुला न्यायला येतोय. अप्पा.'

शिवानंदनं ते उलटं असतानाच वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

"सर, घरातली गोष्ट आहे. पाकिटात घाला की. तिथं पोस्टमन आधी सासूच्या हातात देणार. ती वाचणार न्हाय व्हय?"

"म्हणून तर कार्ड घेतलं," कल्याणप्पा म्हणाले. "तिनंच आधी वाचावं."

बाहेर येऊन त्यांनी कार्ड लाल पेटीत टाकलं. पायरी उतरताना तोल गेला आणि उजवा चवडा नेमका मातीवर टेकला. चपलेत खरोखरचा एक खडा शिरला होता. कल्याणप्पांनी सवयीनं भिंतीला हात लावला. मग हात काढून घेतला आणि चप्पल न झटकता ते घराकडं चालू लागले.