पायऱ्यांची शाळा

"तो स्कार्फ तिच्या गळ्यात कसा काय?"

फोनवर ताई दिसल्या दिसल्या शेपटीनं पहिलं हेच विचारलं. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. सतत ताईच्या मागे असते म्हणून घरात सगळे तिला शेपूट म्हणत. आता ताईच शिकाऊ शिक्षिका म्हणून परदेशात गेली होती, आणि शेपूट इथे नुसतीच लोंबकळत होती.

फोनमध्ये एका परक्या शाळेचा रुंद जिना दिसत होता. खाली बारकी बारकी मुलं भिंतीला चिकटून उभी होती. सगळ्यात पुढे एक दात पडलेली चिमुरडी, आणि तिच्या गळ्यात ताईचा पिवळा स्कार्फ. अगं, सकाळपासून रडत होती, म्हणून दिला, असं ताई म्हणाली.

रडली म्हणून दिला. तो स्कार्फ असा रडून मिळत नसतो. शेपटीला पाढे येईनात तेव्हा ताईनं घराबाहेरच्या जिन्यात हा खेळ काढला होता. उत्तर बरोबर, तर एक पायरी वर. चुकलं, तर एक खाली. जी वर पोचेल ती बाई, आणि स्कार्फ बाईच्या गळ्यात. शेपटीनं तो रीतसर घाम गाळून मिळवला होता. एकदा मावसभाऊ खेळायला आला, तर त्याला चिमटे काढून पळवून लावला होता. आणि ताईनं तोच खेळ तिकडे नेऊन वाटून टाकला, पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे फिरवावा तसा.

ताई हळू आवाजात, भराभर बोलत होती. आज तिचा परीक्षेचा पाठ होता. मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या त्या परीक्षक बाई. पाठ जमला तर शाळा तिला अजून वर्षभर ठेवून घेणार होती, सुट्टीत आजूबाजूचे देशही बघून होणार होते. नाही जमला तर सामान बांधून घरी. आणि मुलं तर पहिली पायरी चढायलाच तयार नव्हती. चुकलो तर सगळे हसतील, ही धास्ती.

"तू खेळून दाखव ना गं. मी त्यांना सांगितलंय, माझी बहीण कधीच चुकत नाही."

एवढ्या सगळ्यातला 'घरी' हा एकच शब्द शेपटीच्या कानात राहिला.

आई शिलाई मशीनवरून उठून आली. गळ्यात टेप तशीच. जिना नीट दिसावा म्हणून ती फोन धरून मान वाकडी करून उभी राहिली. शेपूट खालच्या पायरीवर गेली. ताई विचारत होती, शेपूट उत्तरं देत माकडासारखी वर चढत होती, आणि ताई तिकडे प्रत्येक प्रश्न नि उत्तर मुलांना त्यांच्या भाषेत सांगत होती. मुलं बघत होती खरी, पण तिच्या दर बरोबर उत्तराला भिंतीत आणखीच शिरत होती.

एक पायरी उरली. ती चिमुरडी स्कार्फचं टोक तोंडात घालून चघळत होती.

"सात आठी?" ताईनं विचारलं.

शेपटीनं त्या ओल्या टोकाकडे पाहिलं.

"चौपन्न."

आईनं फोनच्या मागून डोकं बाहेर काढलं. शेपूट एक पायरी खाली आली. ताईनं सोपा पाढा घेतला, ती पुन्हा चुकली. त्याहून सोपा घेतला, पाच दुणे. शेपूट म्हणाली, बारा. बारा म्हणताना तर तिला मजाच वाटली. चूक, की धप्पकन खाली. चूक, की धप्प. शेवटची पायरी तिनं बुडावरच गाठली आणि मनात म्हणाली, आता बघूच कसा जमतो पाठ.

तिकडे मुलं भिंतीपासून सुटून पुढे वाकली.

मग चिमुरडी फिसकन हसली. दाताची खिडकी दिसली. तिनं काहीतरी ओरडून दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, आणि एक पायरी चढली. तिच्या मागून दुसरा आला, तिसरी आली. एक जण चुकला, तर शेपटीसारखाच बुडावर आपटून खाली आला. ते बघून बाकीच्यांना कधी एकदा चुकतो असं झालं. जिना पोरांनी भरून गेला. परीक्षक बाईंची हाताची घडी कधी सुटली कळलं नाही. कुणीतरी त्यांनाही विचारलं असावं, कारण त्याही एक पायरी चढल्या.

ताई फोनवर वाकली.

"मुद्दाम चुकलीस ना, शेपटे? त्यांची भीती जावी म्हणून. मला सात जन्मांत सुचलं नसतं बघ."

"हो," शेपूट म्हणाली.

ताईच्या मागे चिमुरडी सगळ्यात वर पोचली होती. आता ती स्कार्फ नीट बांधून घेत होती. मग फोन बंद झाला.

आईनं फोन शेपटीच्या मांडीवर ठेवला. आणि ती आत गेली. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

वरच्या मजल्यावरच्या काकू पिशव्या घेऊन आल्या. जरा सरक गं, वर जाऊ दे, म्हणाल्या. शेपूट हलली नाही.

"सात आठी किती ते सांगा. मगच वर."

"छप्पन्न," काकू म्हणाल्या, आणि तिला ओलांडून एकेक पायरी चढत वर निघून गेल्या.