धारवाल्याची हाक

जरा डोळे मिटा पाहू. तुम्हाला तहान लागली आहे. पेला समोर आहे, 'पाणी' हा शब्द मनात लख्ख आहे. पण तोंड उघडलं की नुसतं 'अं… अं…' निघतंय. आता उघडा डोळे. खारूच्या आजोबांचं तीन महिने असंच चाललं होतं.

आजोबा धारवाले, गल्लोगल्ली हाक देत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे. मेंदूला झटका आला आणि वाचा गेली. नातीला 'खारू' म्हणणारे ते एकटेच. त्यामुळे ते नावही घरातून गेलं. ती मात्र स्वतःला खारूच म्हणे.

शब्द शिकवायला येणाऱ्या ताईंनी पेल्याचं चित्र पुढे धरलं. आजोबांनी ते भिरकावून दिलं.

"हा आठवडा बघू," ताई आईला हळूच म्हणाल्या. "नाहीतर येणं थांबवते मी. त्यांनाच त्रास होतोय हो."

नवं चित्र कापायला त्यांनी कात्री घेतली, तर ती ठार बोथट. आई ती घेऊन अंगणात आजोबांच्या धारेच्या चाकापाशी बसली. चाक घरघरलं, कात्री किरकिरली. आणि आतून खणखणीत आवाज आला,

"धाऽऽर लावाऽऽ! सुऱ्या, कात्र्याऽऽ!"

आई कात्री टाकून धावली. "मामंजी, बोललात! आणखी बोला ना!"

"अं… अं…"

शेजारच्या काकू दोन सुऱ्या घेऊन दारात हजर. "आजोबा कामाला लागले वाटतं?"

"कुठलं हो!" आई मटकन खाली बसली. "सवयीचं तोंडातून निघून गेलं, एवढंच."

"सवय नाही काही. चाल आहे ती," खारू म्हणाली.

तिने पडलेलं चित्र उचलून आजोबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा हात धरून गुडघ्यावर ठेका दिला आणि त्याच हाकेच्या चालीत म्हटलं, "पाऽऽणी द्याऽऽ!"

आजोबांचे ओठ नुसतेच हलले. खारूने पुन्हा म्हटलं. मग पुन्हा.

"पाऽऽणी… द्याऽऽ!"

या वेळी आवाज दोन होते. पाणी द्यायला आई, ताई आणि काकू तिघी एकदम धावल्या आणि एकमेकींवर आपटल्या. आजोबांना हसू आलं, वाकडंच, पण आलं.

पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं. नातीकडे बराच वेळ पाहिलं. मग आपल्या आपणच गुडघ्यावर ठेका धरला.

"खाऽऽरू येऽऽ!"

"अगं, जा ना," आई कशीबशी म्हणाली. "बोलावतायत तुला."

खारू उठली आणि थेट दाराबाहेर पळाली. अंगण ओलांडून गल्लीच्या पार शेवटच्या कोपऱ्यावर गेली, घराकडे पाठ करून उभी राहिली आणि आजोबांची हाक पूर्वीसारखी तिथवर यायची वाट पाहू लागली.