पांढरा घोट

“हिच्या हातचं मी पीत नाही,” माणिकबाई म्हणाली आणि बाकावर तोंड फिरवून बसली.

शहरात, राजापेठेतल्या दवाखान्यात, एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशीच हे चाललं होतं. डॉक्टर केव्हापासून लाल काचांचा चष्मा लावून तयार होते. अंधारात पडदा नीट दिसावा म्हणून डोळ्यांना तशी सवय करावी लागे. म्हातारीचे हात कापतात, यंत्रात दिसणाऱ्या औषधाचा पेला धरायला घरचं एक माणूस आत हवं, असं त्यांनी सांगितलं होतं. मुलगा शालिकराम त्या अंधाराकडे पाहूनच मागं सरकला. उरली सून, जयवंता.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. आता परक्या गावातही हेच ऐकायचं होतं.

पावसाळ्यापासून म्हातारीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. छातीत अडकायचा आणि परत यायचा. नांदगावच्या भगतानं तांदूळ टाकले आणि सांगितलं, घरातल्याच बाईनं अन्नात काही कालवलं आहे. घरात दुसरी बाई कोण? त्या दिवसापासून जयवंताला चुलीपाशी बंदी झाली. मळ्यातली वांगी तिनं तोडायची, भाजीचं ओझं तिनं बाजारात न्यायचं. पण पाण्याच्या गुंडीला तिचा हात लागला की म्हातारी पाणी उकिरड्यावर ओतायची. भाकऱ्या शेजारची इंदूबाई थापून द्यायची. तिच्याही भाकरीचा घास अडकतच होता, पण ते कोणी ध्यानात घेईना. नवरा खाली मान घालून जेवत राहिला.

शेवटी जयवंतानंच हट्ट धरला. “यंत्रातच पाहू द्या, काय कालवलं ते.” उपाशीपोटी सासूला तिनंच पहिल्या मोटारीनं आणलं होतं. मघाशी दवाखान्यात छातीवरचं सगळं काढा म्हटल्यावर म्हातारी भगतानं बांधलेला ताईत सोडेना. डॉक्टर दरडावले, तेव्हा कुठं तो निघाला.

आताही डॉक्टरच बोलले. “आजी, सून पाजेल. नसेल प्यायचं तर घरी जा.”

माणिकबाई उठली.

आत यंत्राच्या थंडगार फळीला पाठ लावून तिला उभं केलं. जयवंताच्या गळ्यात शिशाचा जड एप्रन अडकवला आणि हातात पेला दिला. त्यात भिंतीला द्यायच्या चुन्यासारखं दाट, पांढरं पाणी होतं. दिवा मालवला. यंत्र घुमू लागलं आणि पडद्यावर फिकट हिरवा उजेड पसरला. त्यात म्हातारीच्या बरगड्या दिसल्या.

“प्या,” जयवंता म्हणाली. सासूबाई म्हणायचं तिनं टाळलं.

माणिकबाईनं घोट घेतला. बाहेर पांढरा दिसणारा तो घोट पडद्यावर काळा दिसत होता. तो खाली सरकला आणि मध्येच थांबला. थैलीसारखा फुगला. मग त्यातून दोऱ्याएवढी बारीक धार खाली झिरपली.

“अन्ननलिका आवळली आहे,” डॉक्टर म्हणाले. “आतून भाजल्याची जुनी खूण आहे ही, फार जुनी; वर्षानुवर्षं हळूहळू आवळत आलेली. आजी, तरुणपणी कधी तेजाब पोटात गेलं होतं?”

म्हातारीनं मान वळवली. जयवंताला वाटलं, शालिकरामला हाताला धरून आत ओढावं आणि हा पडदा दाखवावा. इंदूबाईला दाखवावा, त्या भगताला दाखवावा.

“सांगा ना,” ती म्हणाली. “कोणं कालवलं ते सांगा आता.”

“मीच घेतलं होतं,” माणिकबाई पुटपुटली. “लगन होऊन वरीस नव्हतं झालं. सासू पोट दुखून मेली माही. सारे म्हणत, सुनेनंच भाकरीत काही घातलं. मंग घेतलं म्या.”

“तुमाले मालूम होतं असं म्हटल्यावर कसं लागते ते,” जयवंताचा आवाज चढला. “मंग मले कावून म्हटलं तुमी?”

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. पडदा विझला. त्या मिट्ट काळोखात एक कापरा हात चाचपडत आला आणि जयवंताचं मनगट त्यानं घट्ट धरलं.

“सासूच्या भाकरीत म्या नव्हतं काही घातलं, जयवंता,” म्हातारी म्हणाली.